तपासणीची तारीख

॥ श्री ॥

दि. ३ मार्च

प्रिय वन्संना,

सप्रेम न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. भावोजींचा खोकला थांबला हे वाचून जिवाला बरं वाटलं. आमच्याकडे ईश्वरकृपेने सर्व क्षेम, असं लिहायला घेतलं होतं, पण तुमच्याशी खोटं कशाला? वन्सं, मी घाबरले आहे.

रेशन कार्डाचा नवा नियम तुमच्या गावीही आला असेलच. साठीच्या आतल्या धडधाकट माणसाने महिन्याला ऐंशी तास कुठेतरी काम करायचं, त्याचा कागद कचेरीत द्यायचा, तरच धान्य. घरातल्या एकाचे तास भरले नाहीत तरी अख्खं कार्ड बंद. ह्यांचं नाव वगळलं आहे. पाटी रंगवताना शिडीवरून पडल्यापासून ह्यांना फिट येते, त्याचे कागद मी जपून ठेवले होते, ते उपयोगी पडले. प्रश्न माझा आला.

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, तुम्ही काय काम करता. मी म्हटलं, ह्यांना बघते. तो म्हणाला, बघणं हे काम नव्हे. मग मी सांगायला लागले, की फिट आली की कुशीवर वळवून धरावं लागतं, जेवताना समोरून उठता येत नाही, न्हाणीचं दार लावू देता येत नाही. मागे रांग होती, सगळे कान देऊन ऐकत होते. मला लाज वाटली आणि मी अर्ध्यावर गप्प झाले. त्याने फॉर्मवर व्यवसायापुढे लिहिलं, काही नाही. इतक्या वर्षांचा माझा संसार त्याने दोन शब्दांत आटपला, आणि वर शिक्का काय जोरात मारला म्हणता!

पण माणूस वाईट नव्हता. त्यानेच सांगितलं, की सरकारी डॉक्टरने ह्यांना तपासून, ह्यांना एकटं सोडता येत नाही, असं लिहून दिलं तर मला तासांतून सूट मिळेल. त्याप्रमाणे गेल्या गुरुवारी ह्यांना घेऊन गेले.

आता माझी चूक ऐका. डॉक्टरसमोर जायचं, माणूस गबाळा दिसू नये, एवढंच माझ्या डोक्यात. सकाळी ह्यांची गुळगुळीत दाढी केली, केस चापून बसवले, सदऱ्याला कडक इस्त्री केली आणि वर बजावलं, की तिथे ताठ बसा, पोक काढू नका. हे बसले ताठ. एवढंच नव्हे, तर डॉक्टरांना म्हणाले, की तुमच्या दवाखान्याची पाटी ज्याने रंगवली त्याला अक्षरांमधलं अंतर कळत नाही. डॉक्टर मोठ्याने हसले, नाडी पाहिली, डोळ्यात बॅटरी मारली आणि लिहून दिलं, की रुग्णाची प्रकृती चांगली असून तो एकटा राहू शकतो.

सोमवारपासून मला इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायला जायचं आहे. पगार नाही, तास तेवढे मिळणार. ह्यांना मी जमिनीवर गादी घालून देणार आहे, चुलीची काडेपेटी बरोबर नेणार आहे. आणखी काय करायचं राहिलं हेच दिवसभर डोक्यात फिरतं. देवावर भार टाकलाय, पण टाकलेला भार मी पुन्हा पुन्हा उचलून बघते, असं माझं चाललं आहे.

तुमचा लोभ नेहमीचाच आहे, ह्या दिवसांत तो थोडा जास्त लागेल.

आपली,
वहिनी

—

दि. १० मार्च

ती. स्व. सौ. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग रडू फुटलं. अगं बाई, तू दादाला तपासायला नेलंस की फोटो काढायला? आमची आई पण अशीच होती. मला ताप भरला की आधी माझी वेणी घालायची आणि मग डॉक्टरला बोलवायची. तू सून म्हणून आलीस आणि तिची खोड तेवढी नेमकी उचललीस. आजारपणसुद्धा धुऊन, वाळवून, घडी घालून लोकांपुढे ठेवायचं!

आणि दादाचं काय सांगावं. मरायला टेकला तरी यमाला सांगेल, की तुझ्या रेड्याच्या गळ्यातली पाटी तिरकी आहे.

थट्टा पुरे. वहिनी, फेरतपासणीचा अर्ज आजच्या आज कर. तो करता येतो, आमच्याकडे एकीने केला. या वेळी त्याला दाढी न करता ने. रोज सकाळी उठल्यावर जसा असतो तसा ने. हात कापत असेल तर कापू दे, तू त्यावर हात ठेवू नकोस. त्याला सांग, डॉक्टर विचारेल तेवढंच बोल. हे खोटं नाही गं. तुमच्या घरात जे दिसतं तेच तिथे दिसलं पाहिजे, इतकंच.

तू नसताना त्याच्याजवळ कोण असतं ते तू लिहिलं नाहीस. तुमच्या खालची शिंपीणबाई बसेल का? तिचं मशीन वर आणून ठेवता येत नाही का?

मी आले असते, पण इथे माझीही तीच गत आहे. बिस्किटांच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की आम्हां बायकांना घरी पाठवतात, आणि ते तास बुडतात. मागच्या महिन्यात कसेबसे भरले. सुपरवायझरच्या मागे मागे फिरून झाडलोट मागून घेतली. ह्यांच्या रखवालदारीवर दोघांचं भागत नाही, तेव्हा कार्ड गेलं तर आमचंही अवघड आहे. आता सुट्टी मागितली तर तो म्हणेल, कायमचीच घे.

दादाला माझा नमस्कार सांग आणि माझ्या वतीने एक धपाटा घाल. तुझी माया अशीच माझ्यावर राहू दे.

तुझी,
ठमी

—

॥ श्री ॥

दि. २ एप्रिल

प्रिय वन्संना,

सप्रेम न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसले की उठून ह्यांना बघून यायचे, आणि पत्र राहूनच जायचं.

काम कठीण नाही. तळघरात लांबलचक टेबलं आहेत, वाफेने भिंती ओल्या असतात. गरम चादरी येतात त्यांच्या दोघीदोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. बायका चांगल्या आहेत. एकीने पहिल्याच दिवशी मला विचारलं, की घरी सासू आहे का, एवढ्या चपळाईने घड्या घालता ते. मी म्हटलं, सासू होती तेव्हा शिकले. सगळ्या हसल्या.

पण तो चपळपणाच माझ्या अंगाशी आला. माझं मन घरी. भराभरा हात चालवून गठ्ठे संपवायचे आणि धावत सुटायचं, असं मी रोज केलं. तिथे एक तक्ता असतो, त्यावर आपण किती तास काम केलं ते आपणच लिहायचं आणि मुकादमबाईने सही करायची. मी खरेच लिहिले. चारचं काम अडीच तासांत झालं तर अडीच लिहिले. मुकादमबाई दोनदा म्हणाल्या, की अहो, काम पुरं केलंत ना, मग पुरे चार लिहा, मी सही करते. मला ते जमेना. माझ्या घरच्या वहीतसुद्धा मी कधी आकडा फुगवला नाही, तर सरकारच्या तक्त्यावर कसा फुगवू? महिना संपला आणि तास कमी पडले. ज्या बाया गठ्ठ्यावर रेलून गप्पा मारत बसायच्या त्यांचे भरले. काल कचेरीतून कागद आला, की पंधरवड्यात खुलासा न झाल्यास कार्ड बंद.

याच्याहून मोठं आता लिहिते. तुम्ही खाली बसून वाचा. मागच्या मंगळवारी घरी आले तर जिन्यातच नळाचा आवाज ऐकू आला. हाका मारल्या, उत्तर नाही. शिंपीणबाई धावत वर आल्या. त्या बिचाऱ्या अधूनमधून डोकावून जायच्या, पण गिऱ्हाईक आलं की त्यांनाही खाली जावं लागतं. न्हाणीत हे पालथे पडलेले होते, तोंड पाण्यात. पाणी बोटभरच होतं, मोरीचं भोक कपड्याने बुजलं होतं म्हणून साचलेलं. शेजारी बादली आडवी झाली होती. वन्सं, ती बादली भरलेली असती आणि हे तिच्यावर पडले असते तर? मी ह्यांना उचललं, तेव्हा ह्यांनी डोळे उघडून विचारलं, की आलीस का, आज लवकर सुटलीस. तेव्हापासून मी बाहेर जाताना घरातलं सगळं पाणी ओतून देते. पाण्याची मला भीती वाटते, चुलीची वाटते, खिडकीच्या कोपऱ्याची वाटते. चादरीची घडी घालताना पांढऱ्या कापडावर मला ह्यांचं तोंड दिसतं.

तुम्ही म्हणालात तसा अर्ज केला. पंधरा एप्रिलला फेरतपासणी आहे. तोवर निकाल राखून ठेवला आहे, पण धान्य थांबवलं. पीठ आहे, डाळ बघून बघून घालते. मी काही दिवस उपास धरले आहेत, त्याने पुण्यही लागेल आणि पोटालाही विसावा.

दाढी न करता नेईन. पण मळका सदरा घालणार नाही, ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

आमची आठवण ठेवून रोज दोन शब्द देवाजवळ बोलत जा. तुमच्या भावोजींना नमस्कार सांगा.

आपली,
वहिनी

ता. क. वर तुमच्या भावोजींना असं लिहिलं गेलं. माझं डोकं ठिकाणावर नाही, तुमच्या यजमानांना, असं वाचा.

—

दि. ११ एप्रिल

चि. ठमीस,

अ. उ. आ.

अक्षर वाकडं आहे. गिऱ्हाईक असतीस तर पैसे परत केले असते. तू बहीण आहेस, चालवून घे.

हे पत्र तुझ्या वहिनीला माहीत नाही. ती चादरींवर गेली आहे, मी पोस्टमनला दारात अडवून देणार आहे. तुला पोचेपर्यंत पंधरा तारीख होऊन गेली असेल, असा हिशेब करूनच लिहितो आहे. आधी कळलं असतं तर तू गाव गोळा केलं असतंस.

तुझी वहिनी उपास करते. सोमवारी करते, गुरुवारी करते, आता मंगळवारही तिला आठवला. एवढे देव आमच्या घरात नाहीत, ठमे. मी पडल्या पडल्या ऐकतो. डब्याच्या तळाशी वाटी खरवडली की जो आवाज होतो तो मला आता पाठ झाला आहे. माझ्या ताटात भात असतो आणि ती समोर बसून सांगते, की आज मला देवाचं आहे. आणि रोज मला सोडून जाताना तिचं तोंड असं होतं, की मी आतल्या आत मेल्यासारखा होतो. मी पडलो शिडीवरून, पण अजून खाली पडत चालली आहे ती ती.

म्हणून मी ठरवलं. गेल्या बुधवारपासून फिटची गोळी घेत नाही. ती हातावर ठेवते, पाणी देते, मी जिभेखाली धरतो, ती वळली की ब्रशांच्या डब्यात टाकतो. मोठ्या डॉक्टरने मला पूर्वीच बजावलं होतं, की गोळी एकदम सोडलीस तर जोरात येईल. येऊ दे. त्या सरकारी डॉक्टरला मी एकटा राहू शकतो असं वाटतं ना, मग त्याला त्याच्या खुर्चीतच दाखवतो. खेळ फुकट, तिकीट नाही.

खोटं काही नाही ह्यात. फिट खरीच असेल, फक्त तिची वेळ मी ठरवतो आहे. तुझ्या वहिनीला खोटं चालत नाही, म्हणून तर हा मार्ग.

भीती वाटते का म्हणशील, तर वाटते. चौथ्या मजल्याच्या उंचीवर एका हाताने लोंबकळत अक्षरं काढली, तेव्हा नाही वाटली ती आता अंथरुणावर वाटते. काल तोंडात गंजासारखी चव आली, हाताला मुंग्या आल्या. वाटलं, आत्ताच येते की काय. दात ओठ खाऊन थोपवली. अजून चार दिवस काढायचे आहेत.

कमीजास्त झालं, तर तिला सांग की हे मी केलं. नाहीतर ती म्हणेल, की तिच्या हातून गोळी द्यायची राहिली, आणि उरलेला जन्म त्याचाच हिशेब करत बसेल. चांगलं झालं, तर कधीच सांगू नकोस.

तुला भांडायला हक्काचं माणूस पाहिजे, म्हणून तरी मी राहीन म्हणतो.

तुझा,
दादा

—

दि. १४ एप्रिल

ती. स्व. सौ. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि.

वहिनी, दादा गोळ्या घेत नाहीये. ब्रशांच्या डब्यात बघ. पहिल्या ओळीत हेच लिहिते. हे पत्र तुला उद्याच्या आत मिळणार नाही हे मला कळतं, तरी लिहिते, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

त्याचं पत्र आज दुपारी मिळालं. एरवी रेंगाळणारं पोस्ट नेमकं याच वेळी धावलं. डॉक्टरसमोर फिट यावी म्हणून त्याने गोळी बंद केली आहे. मला म्हणतो, कुणाला सांगू नकोस. तो माझा मोठा भाऊ आहे, पण अक्कल मात्र माझ्यानंतर जन्मली त्याची.

कारखान्यातून तशीच निघाले आणि टेलिफोनच्या दुकानात जाऊन तुमच्या वाण्याला फोन लावला. म्हटलं, वर जाऊन वहिनींना बोलवा. तो म्हणाला, की दुकानात गर्दी आहे, एकटाच आहे, निरोप काय असेल तो सांगा, संध्याकाळी पोचवतो. मी त्याला काय सांगणार होते? आपल्या घरातली अशी गोष्ट वाण्याच्या कानात कशी घालू? उद्या तो प्रत्येक पुडीबरोबर ती बांधून देईल. आणि कचेरीत कळलं, की माणूस मुद्दाम फिट आणतो, तर कार्ड तर जाईलच, वर दादाला धरून नेतील. एवढं सगळं त्या मिनिटात डोक्यात आलं, आणि मी नुसतं म्हटलं, की उद्या त्यांना डॉक्टरकडे नेऊ नका, एवढंच सांगा. त्याने विचारलं, का. मी फोन ठेवून दिला.

आता वाटतं, सगळं सांगायला हवं होतं. परत गेले तर दुकान बंद झालं होतं.

आजची शेवटची गाडी गेली. उद्या सकाळची पकडली तरी मी संध्याकाळी पोचणार, तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला, की या आठवड्यात गेलीस तर तुझे तास कुणी भरायचे. मी शनिवारी येते. तो काही म्हणो.

वहिनी, देवाला विचारून बघ, त्याच्याकडे तरी फोन पोचतो का. मला माफ कर.

तुझी,
ठमी

—

॥ श्री ॥

दि. १६ एप्रिल

प्रिय वन्संना,

सप्रेम न. वि. वि.

देव आहे, वन्सं. आधी तेच लिहिते.

परवा संध्याकाळी वाणी येऊन सांगून गेला, की नणंदबाई म्हणाल्या, उद्या डॉक्टरकडे नेऊ नका. मला हसू आलं. तुम्हांला भीती, की मी ह्यांना पुन्हा नटवून नेईन! तसं नाही हो केलं. दाढीचे खुंट तसेच ठेवले, केसांना पाणीसुद्धा लावलं नाही. सदरा मात्र धुतलेला होता.

 जिना उतरताना ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की वळ उठले. बाकावर बसलो, तेव्हा दोनदा विचारलं, की आपला नंबर केव्हा. मी म्हटलं, घाई कसली आहे. आत गेलो. डॉक्टर मागचाच कागद बघून म्हणाले, की तुम्हीच ना ते पाटीवाले. ह्यांनी तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी कसलासा आवाज आला, जनावरासारखा. खुर्चीसकट खाली गेले.

अशी फिट मी कधी पाहिली नव्हती. मी कुशीवर वळवून धरलं, तर हातातून निसटत होते. एक थांबते न थांबते तोच दुसरी. तोंडाभोवती निळं पडलं. डॉक्टर ओरडत होते, नर्स सुई घेऊन आली, ती शिरेत जाईना. मी देवाचं नाव मोठ्याने घेत होते, मला कळतही नव्हतं. तिसरी आली तेव्हा मी नाव घ्यायची थांबले, वन्सं. मी नुसती म्हणत होते, की नको, नको, नको.

मग शांत झाले. वरच्या वॉर्डात हलवलं. डॉक्टरांनी माझ्यासमोर कागद लिहिला. लिहिलं आहे, की रुग्णास क्षणभरही एकटे सोडू नये. तोच कागद घेऊन मी कचेरीत गेले, कार्ड त्याच खिडकीत चालू करून मिळालं. माझे तास सुटले.

अजून गुंगीत आहेत. उजवा हात हलत नाही. डॉक्टर म्हणतात, दोनचार दिवस वाट बघू. अंगावर चादर आहे, ती बहुतेक आमच्याच टेबलावरची, घडीच्या दुमडी मला ओळखता येतात.

पण वेळ बघा कशी साधली देवाने! न्हाणीत नाही, जिन्यात नाही, नेमकी डॉक्टरसमोर. महिनाभर मी विनवत होते, की ह्यांचं दुखणं त्या माणसाला एकदा दिसू दे. त्याने ऐकलं. घरी येऊन दिवा लावला आणि हात जोडून म्हटलं, तुला डोळे आहेत रे बाबा. तुम्हीही माझ्या वतीने आभार माना.

तुमचं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. कळवा. जीव तुमच्याकडेही लागून असतो.

आपली,
वहिनी

—

॥ श्री ॥

दि. २७ एप्रिल

प्रिय वन्संना,

सप्रेम न. वि. वि.

तुम्ही येऊन गेलात तेव्हा सगळं वॉर्डात, माणसांसमोर, ह्यांच्या उशाशी. तुमचं चौदा तारखेचं पत्र तेव्हा माझ्या कनवटीला होतं. तुम्ही निघताना मला जवळ घेतलंत, तेवढंच. आता हे घरी आले आहेत, झोपले आहेत, म्हणून लिहिते.

फोनचं मनाला लावून घेऊ नका. मीही वाण्याला सांगितलं नसतं.

ब्रशांच्या डब्यात गोळ्या मिळाल्या. काही रंगाला चिकटल्या होत्या. धुऊन घ्याव्यात असं एक क्षण मनात आलं, इतकी माझी सवय वाईट. मग फेकून दिल्या.

ह्यांना मी रागावले नाही. डबा नुसता समोर धरला. ह्यांनी डोळे मिटून घेतले. बोलणं जड झालं आहे, जिभेत गोळा आल्यासारखं. उजव्या हाताने पेला धरता येत नाही. डॉक्टर आता दोनचार दिवस म्हणत नाहीत, बघू म्हणतात. गोळी मी रोज देते आणि तोंड उघडायला लावून जीभ उचलून बघते. हे लहान मुलासारखे उघडतात आणि तेवढा वेळ माझ्याकडे बघत नाहीत.

धान्य आलं. पोतं दारात ठेवून हमाल गेला, तेव्हा हे भिंतीला टेकून बसले होते. मला बोटाने दाखवलं, की बघ. चेहऱ्यावर काय समाधान, वन्सं! पाटी पुरी करून शिडीवरून उतरल्यावर असायचं तसं. त्या दिवशी मला ताटावर बसवलं आणि मी जेवेपर्यंत स्वतः घास घेतला नाही. मी जेवले. भात ताजा होता.

मी देवाचे आभार मानले होते. तुम्हांलाही मानायला सांगितले. आता ते परत कसे घ्यायचे, ते मला कुणी शिकवलेलं नाही. दिवा लावते, समोर बसते, पण बोलायला काही सुचत नाही. फिट आली तेव्हा मी नको नको म्हणत होते ते त्याने ऐकलं, की आधीचं ऐकलं, हेही कळत नाही.

आणि अजून संपलेलं नाही. तो कागद सहा महिन्यांचा आहे. पंधरा ऑक्टोबरला पुन्हा तपासणी. तेव्हा फिट आली नाही आणि हे शांत बसलेले दिसले, तर डॉक्टर दुसराच असेल, त्याला काय ठाऊक? हाताचं सांगेन, पण कारकून म्हणाला, की हाताचा आणि एकटं राहण्याचा संबंध लावता येत नाही. वन्सं, ह्यांनी घरी आल्या आल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं आणि माझ्याकडे पाहिलं. काय विचारायचं आहे ते मला कळलं. 

मी पंधरा नोव्हेंबर सांगितलं.

इतक्या सहज सांगितलं, की माझा मलाच विश्वास बसला. खरा कागद शिंपीणबाईंकडे ठेवला आहे. तुम्ही पत्रात तारखेचा शब्द काढू नका, ह्यांना डाव्या हाताने पाकीट फोडायला येऊ लागलं आहे. आणि ऑक्टोबरात तुम्ही या. तुमचे तास बुडतील हे कळूनही सांगते आहे. त्या बाकावर ह्यांच्या शेजारी मला एकटीने बसवणार नाही. माझा नवरा, मी इतकी वर्षं त्याला सांभाळलं, आणि आता मला त्याचीच भीती वाटते.

आज सकाळी मी जिना झाडून आत आले तर ह्यांनी रंगाची डबी उघडून कॅलेंडरची पानं उलटली होती. पंधरा नोव्हेंबरभोवती लाल गोल काढला आहे. डाव्या हाताचा आहे, वेडावाकडा आहे. पण काढल्यावर मागे सरून, मान कलती करून बघत बसले होते, नीट झालाय का.

तुमच्या मायेवर माझा हक्क आहे असं समजून सगळं लिहिलं. ती अशीच राहो, आणि हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका.

आपली,
वहिनी